संतूची घूस

नवतपा लागला होता, मेअखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, शाळा उघडायला आल्या होत्या, कारखान्यातून आलेले शर्टांचे गठ्ठे खिडकीच्या वर गेले होते, आणि माझा भाऊ पुढच्या खोलीत पंख्याखाली मांडी घालून कापडी हत्तीला डोळा करत बसला होता.

“संतू, काज,” मी म्हटलं.

“हं.”

“शर्टाचं म्हणतेय मी.”

“हेही काजच आहे ताई,” तो म्हणाला आणि त्याने दोरा दाताने तोडला.

ते खरं होतं, म्हणून जास्त राग आला. संतू जनावरांना डोळे म्हणून मणी किंवा बटणं लावत नाही. कापडाला बारीक चीर देतो, तिच्या कडा हाताने काजासारख्या विणून घेतो आणि खालून दुसऱ्या रंगाचा तुकडा सरकवतो. चीर अर्धी उघडी ठेवली की हत्ती पेंगलेला दिसतो, जरा जास्त उघडली की हरीण दचकलेलं. एका डोळ्याला त्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मशीनवर माझी शर्टांची अख्खी गड्डी होते.

इंदुरातल्या परदेशीपुऱ्यातलं आमचं घर, आई-वडिलांचंच, म्हणजे दोन खोल्या. मागच्या खोलीत मी, माझी मुलगी पूर्वा आणि गॅसची शेगडी. पुढच्या खोलीत काजाचं मशीन, गठ्ठे आणि संतू. माझा नवरा गेला त्या वर्षी संतूचा रेडिमेडचा कारखानाही बंद पडला. तिथे तो कटर होता. तो परत इथे राहायला आला, आणि दोघांनी मिळून शाळेच्या युनिफॉर्मची काजं करायला घेतली. दोघांनी मिळून असं मी म्हणते, पण मशीनवर मी बसते. संध्याकाळी माझे पाय पोळ्यांच्या कणकेसारखे सुजतात. संतू गठ्ठे आणतो, नेतो, आणि येताना कारखान्यातून चिंध्यांची पिशवी भरून आणतो.

ते मशीन मागे जात नाही. मागे जागा नाही, उजेड नाही, आणि तिथली जमीन मशीनच्या धक्क्याने हलते. म्हणजे पुढची खोली गेली तर काम गेलं. आणि पुढच्या खोलीच्या भिंतीवर, बरोबर मशीनच्या वर, लाल रंगाचा पट्टा ओढलेला होता.

रस्ता रुंद व्हायचा होता. नपतीला, म्हणजे मोजणीला, आलेल्या माणसांनी टेपचं एक टोक समोरच्या मिठाईवाल्याच्या पायरीला लावलं आणि दुसरं आमच्या घरात आणलं. आता ती पायरी मिठाईवाल्याने मागच्याच वर्षी जुन्या नालीवर बांधलेली. नालीपासून मोजलं असतं तर आमचा नुसता ओटा गेला असता. पायरीपासून मोजलं तर अर्धी खोली. एवढं साधं गणित. ते सांगायला मी महापालिकेच्या कचेरीत किती वेळा गेले. “साहब नपती पे गए हैं,” असं तिथला माणूस सांगायचा. नपतीवर जावं तर, “साहब ऑफिस में मिलेंगे.”

मग पूर्वाने एक दिवस सांगितलं की तिच्या ऑफिसमधली एक मुलगी त्याच साहेबांची सून आहे, बाळंतपणाच्या रजेवर आहे. पूर्वाने तिला संतूच्या जुन्या गोधडीचा फोटो पाठवला होता. तिच्या सासूला तो फार आवडला. नातीसाठी तशीच हवी, जनावरांची. “नाम भी लिख देना हर एक का,” असा निरोप आला, “बच्ची देख-देखके सीखेगी.”

मी संतूला म्हटलं, “याचे पैसे घ्यायचे नाहीत.”

“मग काय घ्यायचं?”

“नवी नपती.”

त्याने चिंध्यांची पिशवी जवळ ओढली. मग “बरं” म्हणाला आणि कामाला लागला. त्या दिवसापासून त्याने शर्टाला हात लावला नाही.

मी ओरडले, मग बोलणं बंद केलं, मग परत ओरडले. कारखान्याचा माणूस रोज फोन करायचा. “अंटी, माल कब तक?” मी म्हणायची, कल. ऊन असं की टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका द्यायचं. मशीनची मोटर तापून वास मारायला लागली की मी ती बंद करायची, तोंडावर ओला पंचा घेऊन जमिनीवर पडायची, आणि पडल्या पडल्या कडेला बघितलं की हा माणूस कुठल्याशा शेपटीचे दोरे सुईच्या टोकाने उसवून त्याचे केस करत असायचा. घामाचा थेंब कापडावर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधलेला. माझ्यासाठी एवढी काळजी त्याने कधी घेतलेली आठवत नाही.

“माकडाला खाकी घेऊ की राखाडी?” तो विचारायचा.

“मला घे. भाजून खा.”

“खाकीच घेतो,” तो म्हणायचा.

शेवटी एका सकाळी तो म्हणाला, “झाली.” मी पोहे हलवत होते. गॅस बारीक करून पुढे आले. त्याने गोधडी गठ्ठ्यांवर पसरली होती.

माझीच जुनी सुती साडी अस्तराला लावलेली, आणि वर सगळं रान. शाळेच्या पँटीच्या राखाडी टेरिकॉटचा हत्ती, त्याच्या कानाची घडी अशी शिवलेली की कान खरोखर हलायचा. टायच्या पट्ट्यांचा मोर. चौकडीचं कापड तिरकं कापून केलेलं तरस, त्याचे पुढचे पाय उंच, मागचे आखूड, मान खाली. बोटाएवढी एक खार, तोंडात दाणा, पाठीवरच्या रेघा काजाच्या दोऱ्याच्या. आणि खाली कोपऱ्यात बिळाच्या तोंडाशी एक घूस. काळपट, केसाळ, चांगली लठ्ठ, कुशीवर पडलेली. तिला पिल्लं लुचत होती. एक पिल्लू मात्र दूध सोडून बाहेर आलं होतं आणि मान वळवून आईकडे बघत होतं. त्या पिल्लाचा डोळा तांदळाच्या दाण्याहून लहान होता, आणि तोही काज होता. मी वाकून बघितलं. टाके मोजता येत नव्हते.

परदेशीपुऱ्यात आम्ही लहानाचे मोठे झालो ते घुशींबरोबरच. आई काठी घेऊन त्यांच्या मागे धावायची. इतक्या वाईट जनावराचं इतकं गोड काही होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. माझे डोळे भरून आले. माझ्या भावासारखं काम इंदुरात कोणी करत नसेल असं वाटलं, आणि अशा माणसाला शर्टाचं साधं काज वेळेवर करता येत नाही याचा त्याच क्षणी इतका संताप आला की काय सांगू.

“कशी आहे?” त्याने विचारलं.

“पोहे खाली लागले तुझ्यापायी,” मी म्हटलं.

प्रत्येक जनावराखाली त्याने नाव घातलं होतं, जाड दोऱ्याने, गोल वळणदार. हत्ती. मोर. ससा. मी सगळी वाचली. सगळी बरोबर होती.

दुपारी आम्ही रिक्षा करून साहेबांच्या बंगल्यावर गेलो. गोधडी धुतलेल्या चादरीत बांधून मी मांडीवर घेतली होती. आत एसीचा गारवा. कामवालीने आमच्याकडे एकदा बघितलं, आतून जुनी चादर आणून सोफ्यावर टाकली आणि मग म्हणाली, “बैठो.” बसलो. संतूने चपला बाहेर काढल्या होत्या, तरी त्याच्या टाचांची धूळ फरशीवर उमटली. तो ती पायाच्या अंगठ्याने पुसत बसला आणि ती अजून पसरली. मी त्याला कोपर मारलं.

मॅडम बाहेर आल्या, त्यांच्यामागे सून बाळाला घेऊन, आणि बघायला आलेल्या दोन बायका. गोधडी उलगडली तशा सगळ्याजणी जमिनीवर उतरल्या.

“हे भगवान, ये हाथ से किया है?” मॅडमनी हत्तीचा कान हलवून बघितला. “पूरा हाथ से? मंगलाजी, आपके भाई तो कलाकार हैं.”

“जी,” मी म्हटलं. संतू वर पंख्याकडे बघत होता.

सून बाळाला बोटाने दाखवत एकेक वाचायला लागली. “देखो गुड़िया, हत्ती. हाथी को हत्ती लिखा है, कितना क्यूट. ससा. ये मोर. और ये छोटी-सी गिलहरी, इसका नाम... खार.”

“खार? किससे खार खा रही है बेचारी?” एक बाई म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

“और ये... तरस.”

“इसकी शकल देखके तो सही में तरस आ रहा है.” परत हसणं. मॅडमनी तर डोळे पुसले.

मला आता पुढचं दिसत होतं. आयुष्यभर मी दोन्ही भाषा बोलत आले. घरात एक, दाराबाहेर दुसरी. पण जनावराखाली जनावराचं नाव वाचताना मला जनावरच दिसलं होतं, दुसरं काही नाही. मी हात पुढे करून तो कोपरा दुमडायला गेले. सुनेने हौसेने तो उलट सरळ केला.

“और ये मोटूराम कौन है? इसका नाम है... घूस.”

कोणी हसलं नाही. दाराबाहेरच्या भाषेत घूस म्हणजे लाच. सुनेने परत एकदा वाचलं, मनात, ओठ हलवून. मान वर केली तर दारात साहेब उभे होते, हातात चहाचा कप. जेवायला घरी आले असावेत.

“क्या लिखा है?” त्यांनी विचारलं. मग स्वतःच पुढे येऊन वाचलं. गोधडी बघितली, मग आम्हाला बघितलं. “कौन हो तुम लोग?”

“परदेसीपुरा से, साहब,” मी म्हटलं. “वो हमारी नपती का...”

“नपती का केस है, और घर पे ये लेके आए हो? किसने भेजा है? फोन किधर है तुम्हारा, वीडियो चल रहा है क्या?”

आणि मग माझा भाऊ, ज्याने रिक्षात बसल्यापासून तोंडातून शब्द काढला नव्हता, तो समजावून सांगायला उभा राहिला.

“नहीं साहब, वो वाली घूस नहीं. मराठी में घूस मतलब बड़ा चूहा. नाली में रहता है. दीवार के नीचे-नीचे घुसके पूरा मकान पोला कर देता है, साहब. खाता बहोत है.”

मी त्याचा शर्ट धरून त्याला खाली ओढलं, पण त्याचं बोलून झालं होतं.

साहेबांनी बाहेर बोट दाखवलं. आम्ही बाहेर आलो. संतू चपला शोधत होता तोवर मॅडम मागून गोधडी घेऊन आल्या, नीट घडी घालून. आवाज एकदम खाली.

“बुरा मत मानना मंगलाजी. आजकल माहौल ऐसा है, साहब घबरा जाते हैं. चीज़ तो बहुत सुंदर है, मुझे चाहिए ही चाहिए. बस वो एक शब्द निकाल दीजिए. मैं सोमवार को ड्राइवर भेज दूँगी. और वो आपकी नपती दोबारा हो जाएगी, मैं बोल दूँगी.”

मला वाटलं, त्यांच्या पाया पडावं.

घरी आलो. दार लावलं आणि सुरू झाले. “हिंदीत लिहायला काय झालं होतं तुला? जन्म गेला इथे. त्यांचं बाळ, त्यांचं घर. गिलहरी लिही, लकड़बग्घा लिही.”

“लकड़बग्घा मावत नव्हता,” संतू म्हणाला.

“काय?”

“तरसाच्या पायांमध्ये जागा किती आहे बघ ना. तीन अक्षरं बसतात. लकड़बग्घा घालायचा तर शेपूट कापावी लागली असती. मग एकाचं मराठीत तर सगळ्यांचं मराठीत. अर्धं-अर्धं बरं दिसत नाही.”

मी कपाळावर हात मारून घेतला. पूर्वा ऑफिसातून आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती आधी खूप हसली, मग म्हणाली, “बट आई, घूस म्हणजे रॅट असतो हे मला आत्ता कळलं. मला वाटायचं तू नालीकडे बघून करप्शनला शिव्या देतेस.”

शनिवारी मी संतूला ब्लेड दिलं. “उसव.”

“मी नाही उसवणार.”

“मग वरून ठिगळ लाव. गवत लाव. तुला काय लावायचं ते लाव.”

“नावाचा आणि पिल्लांचा दोरा एकच आहे,” तो म्हणाला. “घू पासून सुरू केला तो बिळातून पिल्लांवरून फिरून आलाय. मध्ये गाठ नाही. नाव काढलं तर पिल्लं सुटतील. परत लावली तर टेरिकॉटवर जुन्या सुईची भोकं दिसतात.”

“दिसू देत. अर्धी खोली जाते आहे, संतू.”

“तुला काढायचं तर काढ ताई. मी काही म्हणणार नाही.” आणि तो उठला, मशीनवर जाऊन बसला आणि शर्टांची काजं करायला लागला. न सांगता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. माझ्याकडे पाठ करून, एकामागून एक, खाडखाड.

मी खिडकीशी गोधडी घेऊन बसले. ब्लेड ‘स’च्या खाली सरकवलं. टाका इतका घट्ट होता की पातं आत जाईना. मग गेलं. आता नुसतं वर ओढायचं होतं.

ते बाहेर आलेलं पिल्लू मान वळवून बघतच होतं. मला संतूचा राग येत होता, पिल्लाचा येत होता, आणि जरा वेळाने लक्षात आलं की सगळ्यात जास्त त्या मॅडमचा येतोय. किती गोड बोलल्या. बस एक शब्द. म्हणजे जनावर राहू दे, पिल्लं राहू देत, गोधडी राहू दे, नपती पण करून देऊ. त्यांना घूस हवीच होती. फक्त तिचं नाव नको होतं. आणि मी तरी रिक्षातून मांडीवर दुसरं काय नेलं होतं? संतूने काही न कळता बरोबर नाव घातलं होतं.

मी ब्लेड काढून घेतलं. एक टाकाही तुटला नव्हता. यात मोठेपणा काही नाही. चांगलं काम नासवायला हात होईना, आणि चिडले होते, इतकंच.

सोमवारी ड्रायव्हर आला. मी दारातूनच सांगितलं, “मॅडम से कहना, नहीं निकला. निकलेगा भी नहीं.”

“अंटी, सोच लो,” तो म्हणाला. चांगला मुलगा होता. “मैं बोल दूँ कि टाइम लगेगा?”

“नहीं भिया. जो बोला वही बोलना.”

आत आले तर संतू मशीन थांबवून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, “बघतोस काय, हात चालव.” आणि मागच्या खोलीत जाऊन पाणी प्यायले. आपण काय करून बसलो ते तेव्हा कळायला लागलं.

पुढच्याच आठवड्यात भिंत पडली. आधी शर्ट पोचते केले, मग गल्लीतल्या माणसांनी मशीन उचलून मागच्या खोलीत कोंबलं. शेगडी मोरीत गेली. पूर्वाची खाट उभी करून ठेवली. ती रात्री आडवी करायची. संतूचं अंथरूण गच्चीवर. कामगारांनी लाल पट्ट्यावरून बरोबर कापलं. आई-वडिलांच्या वेळची भिंत, घणाच्या चार-दोन घावांत ओट्यावर बसली. समोर मिठाईवाल्याची पायरी होती तशी होती. तिच्यावर बसून लोक आमच्या घरात बघत कचोरी खात होते.

घर उघडं पडलं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. मी वाकून फरशी पुसत होते तर रस्त्यावरचा माणूस बाजूला सरकून मला जागा द्यायला लागला. ऊन थेट शेगडीपर्यंत. भाकरीवर धूळ. विटा येईपर्यंत काहीतरी आडवं लावायला हवं होतं. चादरी उडत होत्या. घरात जाड आणि मोठं असं एकच होतं.

“ताई, ती नको,” संतू म्हणाला. “रंग उतरेल.”

“उतरू दे.”

“हत्तीचा कान वाऱ्याने फाटेल.”

“संतू, मला आंघोळ करायची आहे,” मी म्हटलं.

मी तार बांधली आणि गोधडी रस्त्याकडे तोंड करून टांगली. खालचा कोपरा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर आला. मी मुद्दाम तशी लावली नव्हती. तार तेवढ्याच उंचीवर बांधता येत होती.

संध्याकाळपर्यंत गल्लीत गर्दी. पोरं हत्तीचा कान ओढत होती, बायका टाके बघत होत्या. संतू आत बसून प्रत्येकाला ओरडत होता, “हात मत लगाओ.” आणि मग कोणीतरी वाचलं, आणि पायरीवरून आवाज आला, “भिया, देख, अंटी ने घर के आगे घूस लटका रखी है.” सगळी पायरी हसली. मिठाईवाला हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची गाडी आली, झालेलं काम बघायला. साहेब उतरले, टेपवाल्याबरोबर चालत आमच्यापर्यंत आले आणि थांबले. मी आतून कापडाच्या कडेने बघत होते. ते बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत होते. मागे लोक जमले होते, एकाने मोबाइल वर धरला होता. साहेब वळले आणि परत गाडीत जाऊन बसले. टेपवाला आला.

“अंटी, साहब कह रहे हैं ये उतार लो.”

मी बाहेर आले. पदर नीट केला. एवढ्या माणसांसमोर बोलायची मला सवय नाही, पण आवाज बरा निघाला.

“उतार लेती हूँ. दीवार वापस लगवा दो.”

टेपवाल्याने टेप गुंडाळला. गाडी सुरू झाली आणि गेली. गल्लीत कोणीतरी टाळी वाजवली.

“ताई,” आतून संतूचा आवाज आला.

“काय?”

“उजवीकडून लोंबतेय ती. घूस तिरकी दिसते.”

मी मागे सरकून बघितलं. तिरकी होती. या माणसाला घेऊन मी कुठे जाऊ, असं पुटपुटत स्टूल ओढला, वर चढले आणि तार नीट ताणून बांधली.